विकी : कपाटातली मुलगी

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या भांडुपच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींनी सभागृहात करमणुकीची एक संध्याकाळ घडवून आणली. विषय होता ‘लहानपणचा छोटा पडदा’. ज्यांचे लहानपण नव्वदच्या दशकात गेले ते आता स्वतः मुलाबाळांचे धनी झाले आहेत. तेव्हा हौशीला तोटा नव्हता. कोणी शक्तिमानची गिरकी घेतली, कोणी कॅप्टन व्योम होऊन आला, एका चिमुरडीने सोनपरीची छडी फिरवली. शेवटी लाल-पांढऱ्या फ्रॉकमधली एक मुलगी दोन्ही हात अंगाला चिकटवून, मान न वळवता, पापणी न लववता, सपाट आवाजात बोलत मंचावर आली आणि सभागृह हसून लोटपोट झाले. ती ‘स्मॉल वंडर’मधली विकी.

नकला संपल्यावर एका विद्वान गृहस्थांनी दोन शब्द सांगितले. त्यांचे नाव आम्ही देत नाही. ते आमचे स्नेही आहेत आणि हा लेख छापून आल्यावरही तसेच राहावेत अशी इच्छा आहे. ते म्हणाले, शक्तिमानाने मुलांना सत्याची चाड दिली, व्योमने अंतराळाचे स्वप्न दिले. विकीने काय दिले? ती एक बोलकी बाहुली. तिच्यावर विचार करण्यासारखे काही नाही, हसावे आणि सोडून द्यावे. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. घरी येईपर्यंत त्या टाळ्या आम्हांला टोचू लागल्या होत्या.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती देणे भाग आहे. ‘स्मॉल वंडर’ ही मूळची अमेरिकन मालिका. १९८५ ते १९८९ या काळात तिचे ९६ भाग झाले. हॉवर्ड लीड्स हे तिचे कर्ते. टेड लॉसन नावाचा एक अभियंता यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला असतो. तो दहाएक वर्षांच्या मुलीच्या रूपातले एक यंत्र तयार करतो आणि गुपचूप घरी आणतो. घरात पत्नी जोन आणि मुलगा जेमी. यंत्राच्या लांबलचक तांत्रिक नावाच्या आद्याक्षरांवरून तिला हाक मारतात ‘विकी’. तिच्या पाठीत एक झाकण आहे, आत बटणे आहेत; बगलेखाली वीज भरण्याची सोय आहे. ती एका हाताने सोफा उचलते, ऐकलेले जसेच्या तसे बोलून दाखवते आणि वाक्प्रचाराचा अर्थ शब्दशः घेते. शेजारच्या ब्रिंडल कुटुंबाला सांगितले जाते की ही आमची दत्तक मुलगी. ब्रिंडल महाशय टेडच्याच कंपनीतले, त्यामुळे गुपित फुटले तर सर्वनाश. आणि त्यांची चोंबडी कन्या हॅरिएट दिवसातून दहा वेळा दारात. विनोद साधतो तो या लपवाछपवीतून. रात्र झाली की विकी जेमीच्या खोलीतल्या कपाटात जाऊन उभी राहते आणि कपाट बंद होते.

आपल्याकडे ही मालिका स्टार प्लस वाहिनीवर हिंदी बोलत आली आणि केबल नुकतीच पोहोचलेल्या घरांत तिने ठाण मांडले. पुढे २००३ मध्ये त्याच वाहिनीवर, त्याच कथेवरून ‘करिश्मा का करिश्मा’ ही हिंदी मालिका सुरू झाली आणि झनक शुक्ला या बालनटीने विकीची भारतीय बहीण उभी केली. एकाच वाहिनीने एकच पात्र दोनदा दाखवावे आणि दोन्ही वेळा घराघरांनी ते उचलून धरावे, ही गोष्ट ‘हसा आणि सोडून द्या’ म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवी होती.

तिच्या मायदेशातही विकीला मान मिळाला नाही. तेथील समीक्षकांनी या मालिकेला वाईटांतल्या वाईट मालिकांच्या पंक्तीला बसवले. विज्ञानकथेतील स्त्रीपात्रांचा गौरव करायचा झाला की ‘स्टार ट्रेक’मधील उहुराचे नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. १९६६ मध्ये एका कृष्णवर्णीय स्त्रीला अवकाशयानाच्या संपर्क-अधिकाऱ्याच्या आसनावर बसलेले दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. पहिल्या वर्षानंतर ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडण्याच्या बेतात असताना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांचे मन वळवले होते. पुढे १९७७ पासून निकोल्सबाईंनी ‘नासा’साठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्याचे आवाहन करत देश पालथा घातला. २०२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा जगभर मृत्युलेख आले. ते सारे योग्यच. तथापि उहुराला बसायला आसन होते, अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश होता. मान असलेल्या पात्राला मान देणे अवघड नसते. आम्ही बोलत आहोत ते उभ्या असलेल्या पात्राविषयी.

आमचे म्हणणे असे की, विकी हे त्या घरातले सर्वांत गंभीर पात्र आहे, आणि त्या मालिकेने नकळत जे दाखवले ते आपल्या मुंबईकर मध्यमवर्गाविषयी एखाद्या परखड कादंबरीइतके खरे आहे.

टेडने हे यंत्र कशासाठी बनवले? अपंग मुलांना साहाय्य व्हावे म्हणून. हेतू किती उदात्त! पण मालिकाभर विकी कोणाच्या उपयोगी पडते ते पाहा. जेमीचा गृहपाठ, जेमीची खोली, घरातली झाडलोट, जड सामान. ज्या अपंग बालकासाठी ती जन्मली ते बालक कुठल्या कुठे राहते आणि धडधाकट मुलाचा पसारा आवरण्यात तिचे दिवस जातात. आता आपल्याकडे घरकामासाठी लहान मुली कशा आणल्या जात, ते वडीलधाऱ्यांनी आठवावे. ‘बिचारीच्या घरी खायला नाही, आमच्याकडे चार घास सुखाने खाईल, शाळेत घालू, शिवण शिकवू.’ शाळेचे काय झाले ते विचारू नये.

दुसरी गोष्ट. ‘ही आमची मुलगीच’ हे वाक्य त्या मालिकेत नेमके केव्हा उच्चारले जाते? शेजारी दारात आला की. शेजारी गेला, दार लागले, की मुलगी पुन्हा यंत्र होते. मुलगीपण हे तिच्या सोयीसाठी दिलेले नाही, घराच्या अब्रूसाठी दिलेले आहे. या एका युक्तीवर शेकडो विनोद उभे आहेत आणि आम्ही त्यांवर वर्षानुवर्षे हसलो, कारण ती युक्ती आम्हांला पाठ होती.

येथे आम्हांला आमच्याच घरातली गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला आम्ही इतकी वर्षे का लावली याला समाधानकारक उत्तर नाही.

१९९७ च्या सुमारास आमच्या घरी एक मुलगी कामाला होती. जव्हारच्या बाजूची. वय अकरा किंवा बारा. नक्की कोणालाच ठाऊक नव्हते, आम्ही विचारलेही नव्हते. ओळखीच्या एका बाईंनी आणून सोडली. तिला ‘बेबी’ म्हणत. अर्ध्या भांडुपमध्ये कामाला असलेल्या मुलीचे नाव बेबीच असे. आम्ही तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. नाताळात नवा फ्रॉक घेतला, एरवी आमच्या थोरलीचे आखूड झालेले फ्रॉक तिला येत. पाहुण्यांना आम्ही सांगत असू, ‘आमच्या घरातलीच आहे.’ ती स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालून झोपे आणि सकाळी ते अंथरूण गुंडाळून कपाटामागे ठेवी, ते बाहेरच्याला दिसू नये म्हणून. तसे करायला आम्ही तिला सांगितले होते का, ते आठवत नाही.

‘स्मॉल वंडर’ लागले की आमची मुले दूरदर्शन संचासमोर आडवी होत आणि बेबी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहून पाहत असे. बसायला कोणी मनाई केली नव्हती; बसायला कोणी सांगितलेही नव्हते. आमची मुले हसत तेव्हा ती हसत नसे. तिला हिंदी कळत नसेल, असा आमचा समज. एके दिवशी भाग संपल्यावर तिने विचारले, ‘आंटी, ती रातीला कपाटातच निजते?’ आम्ही म्हटले, हो, ती यंत्र आहे ना. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, ‘दार कोन लावतं? बाहेरून लावतात का?’

मुलांना याचे फार हसू आले. पुढचे कित्येक दिवस ‘दार कोन लावतं’ हा घरातला विनोद होऊन बसला. प्रश्नाचे उत्तर मात्र तिला कोणी दिले नाही. आज हा लेख लिहिताना आम्ही आठवून पाहतो आहोत आणि ते उत्तर आम्हांला देता येत नाही. इतके भाग पाहिले. कपाट आठवते, दार आठवते, पण ते कोण लावते याकडे आमचे लक्ष कधी गेलेच नव्हते. पाहणाऱ्यांपैकी तो प्रश्न पडण्याजोगी जागा एकटीचीच होती.

दोन वर्षांनी बेबी अंगाने भरू लागली तशी घरात कुजबुज सुरू झाली. ‘आता मोठी झाली, जबाबदारी नको.’ मे महिन्यात तिला गावी पाठवले. ती परत आली नाही. आम्ही निरोपही धाडला नाही. येथे पुन्हा विकीची आठवण होते. ती भूमिका करणारी टिफनी ब्रिसेट ही मुलगी मालिकेच्या वर्षांत वाढत गेली, आणि यंत्र तर वाढत नाही. मग कथाकारांना तोडगा काढावा लागला: टेड विकीत सुधारणा करतो, तिचा चेहरा थोडा मोठा करतो, तिला नवे कपडे मिळतात. टीकाकारांनी याला ओढाताण म्हटले. आम्हांला मात्र संबंध मालिकेत याहून सच्चा प्रसंग दिसत नाही. कपाटात ठेवलेली मुलगीही वाढते आणि ती वाढली की घराची पंचाईत होते. लॉसनांनी निदान तिला नवे कपडे दिले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्या विद्वान स्नेह्यांचाच आहे आणि तो त्यांनी आमच्याकडे तोंडी मांडला: ‘अहो, ती यंत्र आहे. यंत्राला सुखदुःख नसते. तुम्ही बाहुलीवर आसवे गाळता.’ याला आमचे उत्तर ‘रोबो’ या शब्दातच आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० मध्ये लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो ज्या ‘रोबोता’ या शब्दावरून आला त्याचा अर्थ आपल्या भाषेत नेमका सांगता येतो: वेठ. जमीनदाराच्या शेतात बिनमोल राबणे. चापेकचे रोबो लोखंडी नव्हतेच मुळी; ते माणसासारखेच दिसत. म्हणजे हा शब्द जन्माला आला तो यंत्राविषयी बोलण्यासाठी नव्हे, राबणाऱ्याविषयी बोलण्यासाठी. विकीला सुखदुःख आहे की नाही हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल घालावा. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच की, मुलीच्या रूपातल्या कोणाला तरी रोज हुकूम सोडायचा, ‘कृपया’ म्हणायचे नाही, काम झाले की कपाट बंद करायचे, हे दृश्य अर्धा-अर्धा तास पाहून पाहणाऱ्या मुलांच्या अंगी कोणती सवय मुरते?

अमेरिकन घरात ही सवय तरी नवलाची होती. तेथल्या सामान्य कुटुंबात भांडी घासायला दुसऱ्याची मुलगी नसते. म्हणून विकी त्यांच्यासाठी विज्ञानकथा. आपल्याकडे ती भूमिका आधीच भरलेली होती. करिश्मा पडद्यावर काम करत होती तेव्हा पडद्यासमोरच्या घरांतही कोणी काम करत होते. ही मालिका मुंबईत विज्ञानकथा म्हणून पाहिली गेली, याचेच आम्हांला आश्चर्य वाटते.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींचा. त्या म्हणतात, विकी म्हणजे आज्ञाधारक, सोशिक, बिनतक्रार स्त्रीचा पुरुषाने रंगवलेला नमुना. तिचा गौरव कशाला? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. तिला घडवणारा पुरुष आहे, तिचे बटण पुरुषाच्या हाती आहे, हे खरे. पण तिची आज्ञाधारकता कशी चालते ते पाहावे. सांगितलेले ती तंतोतंत करते आणि त्यामुळेच सांगणाऱ्याची फजिती होते. माणसे बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरे. ‘बसा, जेवूनच जा’ म्हणताना पाहुणा उठावा असे वाटत असते. विकी शब्द धरून बसते. घरात कानावर पडलेले ती परक्यासमोर जसेच्या तसे बोलून मोकळी होते. आपल्याकडे गडीमाणसांची हीच हत्यारे आहेत आणि ती किती जुनी! ‘तुम्हीच म्हणालात ना, आंटी’ हे वाक्य ऐकून ज्या गृहिणीचा चेहरा उतरला नसेल तिने हात वर करावा. विकीच्या तोंडी बंडाचे भाषण नाही. तिच्या शब्दशः वागण्यात मात्र त्या घराचा खोटेपणा पुन्हापुन्हा उघडा पडतो, आणि तिला शिक्षा करता येत नाही, कारण तिने आज्ञाच पाळलेली असते.

तिसरा आक्षेप अभिनयाचा. ‘तोंडावर माशी हलत नाही, याला काय अभिनय म्हणायचे?’ ज्यांना असे वाटते त्यांनी धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या दहा वर्षांच्या कोणत्याही मुलीला पाच मिनिटे निर्विकार उभे करून दाखवावे. सभोवती सारे विनोद करताहेत, खोड्या काढताहेत, आणि एकीनेच हसायचे नाही, रुसायचे नाही, आवाज वरखाली करायचा नाही. ती मुलगी मालिका सुरू झाली तेव्हा दहा वर्षांची होती. चार वर्षे तिने हे निभावले. पुढे अभिनय सोडून ती परिचारिका झाली, असे वाचनात आले. आपल्या समाजात घराआड एक नर्स आहे. रात्रपाळी करून आलेल्या त्या भगिनींना ही बातमी वाचून काही वाटले तर नवल नाही. अपंगांच्या सेवेसाठी जन्मलेले आणि गृहपाठात अडकलेले ते पात्र एका अर्थी मार्गी लागले म्हणायचे. पण हे विषयांतर झाले.

‘जुनी मालिका, आता तिचे काय?’ असेही कोणी विचारील. भांडुपच्या माणसाने तरी हे विचारू नये. आपल्या शेजारी पवईत काय चालले आहे ते पाहावे. डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आय. आय. टी.च्या महोत्सवात सोफिया नावाची यंत्रस्त्री आली होती. हाँगकाँगच्या एका कंपनीने बनवलेली, आणि दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने नागरिकत्व दिलेली. तिला साडी नेसवून मंचावर बसवले होते. तरुणांची ही गर्दी. एका प्रश्नावर ती मध्येच गप्प झाली, तेव्हा तंत्रज्ञांची धावपळ उडाली. २०२१ मध्ये त्याच परिसरातील केंद्रीय विद्यालयाच्या एका शिक्षकांनी टाकाऊ वस्तूंपासून बोलका यंत्रमानव बनवला, अनेक भाषा बोलणारा, कौतुकाचेच काम. त्याचे नाव ठेवले ‘शालू’. मानवी अंतराळमोहिमेआधी पाठवण्यासाठी ‘इस्रो’ने २०२० मध्ये यंत्रदेह दाखवला, त्याचे नाव ‘व्योममित्रा’. घराघरांत ठेवलेला तो बोलका डबा: २०१४ मध्ये आला, नाव ‘अलेक्सा’. त्याआधी २०११ मध्ये ‘सिरी’ आली. सर्व बायकांची नावे. १९८५ मध्ये विकीच्या नावातच ‘आवाजाने आज्ञा घेणारी’ असा अर्थ घातलेला होता. या साऱ्यांची ती आजी, आणि आजीचे नाव मात्र कोणी काढत नाही. २०१९ मध्ये ‘युनेस्को’ने एका अहवालात इशारा दिला की, आज्ञा झेलणाऱ्या यंत्रांना बाईचा आवाज दिल्याने बाईने आज्ञा झेलाव्यात ही समजूत पक्की होते. अहवाल वाचायची गरज कोणाला? आमच्या इमारतीत सहा वर्षांचा एक मुलगा सकाळी अलेक्सावर ओरडतो, ‘गाणे लाव’, आणि त्याच पट्टीत, त्याच दमात, लादी पुसणाऱ्या मावशींवर ओरडतो, ‘दूध दे’. डबा उत्तर देतो. मावशी देत नाहीत, दूध देतात.

या मावशी येतात कुठून? आमच्या भांडुपच्याच टेकडीवरून. टेंबीपाडा, खिंडीपाडा, तुळशेतपाडा. येथली एकेक कारखानदारी मंदावली, पुरुष घरी बसले आणि बायका मुलुंडच्या व पवईच्या उंच इमारतींकडे निघाल्या. सकाळी सातला लालबहादूर शास्त्री मार्गावर उभे राहिले तर त्यांची रांग दिसते. १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या सरकारी अभियंत्याला मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना सुचली ती भांडुपच्या भेटीत, असे इतिहास सांगतो आणि आम्ही भांडुपकर ते अभिमानाने सांगतो. यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतील हे स्वप्न आमच्या मातीत इतके जुने आहे. पवईतल्या विसाव्या मजल्यावर कपडे धुणारे यंत्र आहे, भांडी घासणारे यंत्र आहे, आणि त्या यंत्रांत कपडे व भांडी घालायला टेंबीपाड्याची बाई आहे.

कायद्याचेही सांगून टाकतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याने धोक्याच्या उद्योगांत लहान मुलांना बंदी केली. पण त्या यादीत घरकाम नव्हते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे विकी आणि करिश्मा या दोघींना आपण पहिल्यांदा पाहिले आणि त्यांच्यावर हसलो, त्या काळात अकरा वर्षांची बेबी आमच्या ओट्याखाली झोपत होती हे बेकायदा नव्हते. आम्ही गुन्हेगार नव्हतो. हे लिहून आम्हांला मुळीच बरे वाटत नाही. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा महाराष्ट्राचा कायदा आला २००८ मध्ये. आणि ज्या १९८५ साली अमेरिकेत विकी कपाटात उभी राहिली, त्याच साली बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी घरकाम करणाऱ्या बायका-मुलींची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. तिचे काम पुढे मुंबईतूनच वाढले. आपल्याच पंथातली एक धर्मभगिनी परक्या देशातून येऊन ज्या मुलींची नावे विचारीत फिरत होती, त्या मुली आपल्याच स्वयंपाकघरांत होत्या. आमच्या घराचे दार सिस्टरांनी ठोठावले असते तर आम्ही काय सांगितले असते ते वाचक ओळखतील. ‘आमच्या घरातलीच आहे.’

न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या मालिकेत जोन नावाची आई आहे. तिला ठाऊक आहे की ही यंत्र आहे. तरी तिचा हात नकळत मुलीच्या केसांवरून फिरतो, ती तिला मुलीसारखी वागवू लागते, आणि नवरा तिला समजावतो की हे यंत्र आहे. नवऱ्याचे बरोबर आणि बायकोचे चूक, असे गणित सांगते. आम्ही मात्र आज जोनच्या बाजूने आहोत. १९९७ मध्ये नव्हतो. तेव्हा आमच्या घरात जोनइतकी चूक करणारे कोणी नव्हते, आणि आमच्याकडची मुलगी तर यंत्रही नव्हती.

बेबीचे खरे नाव आम्हांला ती गेल्यानंतर कळले, तिला आणून सोडणाऱ्या बाईंकडून. ते येथे लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. ती असली तर आज चाळिशीच्या घरात असेल. तिच्या घरी दूरदर्शन संच असेल आणि तिची मुले त्याच्यासमोर आडवी होत असतील, अशी आम्ही कल्पना करतो; कल्पना करायला पैसे पडत नाहीत.

तरुण मंडळींशी आम्ही मध्यंतरी बोललो. त्यांनी आमचे ऐकून घेतले, हे त्यांचे मोठेपण. येत्या सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मसणानंतरच्या रविवारी, सभागृहात ‘स्मॉल वंडर’चे काही जुने भाग पडद्यावर दाखवायचे आणि नंतर चर्चा करायची असे ठरत आहे. विद्वान स्नेह्यांनी विरुद्ध बाजू मांडण्याचे कबूल केले आहे. आमची एकच सूचना होती: आपल्या घरांत आणि या सभागृहात काम करणाऱ्या मावशींना त्या दिवशी आमंत्रण द्यावे, पुढच्या दोन रांगांत खुर्च्या ठेवाव्यात आणि पहिल्यांदा त्यांनी बोलावे. सूचना सर्वांना पसंत पडली. तेवढ्यात सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी विचारले, ‘त्या खुर्चीवर बसल्या तर मग मध्यंतरात चहा कोण करणार?’

त्यावर दोन बैठका झाल्या, तोडगा निघालेला नाही. शंभर कपांचा चहा घरून करून थर्मासमधून आणायला कोणी कुटुंबे तयार असतील तर त्यांनी आपली नावे रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर सभागृहाच्या दारात नोंदवावीत. कपही नंतर त्यांनीच विसळायचे आहेत.